तुमचं पोर्टल आणि माझी वही : सरकारी संकेतस्थळं ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या नागरिक सेवांची संकेतस्थळं ठरवणारे, मंजूर करणारे आणि बांधून देणारे सर्व अधिकारी, सल्लागार व ठेकेदार कंपन्या

सन्माननीय महोदय, महोदया,

एका विभागानं नुकतंच आपलं पोर्टल 'नव्या रूपात' आणलं आणि त्याच परिपत्रकात कागदी अर्ज घेणं बंद केल्याचं कळवलं. विभागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे 'आमच्याकडं तसं नाही' म्हणून मोकळे होतात, आणि मी पुढं जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं बऱ्याच ठिकाणी आहे. पोर्टल नवं झालं म्हणजे काय झालं? वर फिरणारी चित्रं आली, मान्यवरांचे फोटो मोठे झाले, रंग बदलले. अर्ज भरायचं पान होतं तसंच राहिलं. ते अवघड होतं तेव्हा निदान कागदाची वाट उघडी होती. आता तीही बंद. हे गप्प राहून बघवेना, म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असं दुकान चालवतो. तुमचं पोर्टल जितकं किचकट, तितकी माझ्या दारातली रांग लांब. तेव्हा हे पत्र मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन लिहितोय हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारेलच. कित्येक अर्जांना सरकारी शुल्कापेक्षा माझी मजुरी जास्त पडते. सरकारनं सेवा घरबसल्या दिली म्हणून जाहिरात करायची आणि माणसानं एस.टी.चं तिकीट काढून, दिवसाचा रोज बुडवून माझ्या बाकावर येऊन बसायचं, हा व्यवहार मला फायद्याचा असला तरी बरोबर वाटत नाही.

'लोकांनाच जमत नाही, साक्षरता कमी आहे' हे उत्तर मी बैठकांमध्ये ऐकलंय. त्यावर एवढंच म्हणतो. आमच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकणारी मावशी यूपीआयनं पैसे घेते आणि मार्केट यार्डात माल उचलताना यूपीआयनंच देते. यूपीआय आलं २०१६ साली. त्याचं शिबिर आमच्या गावात कुणी भरवलं नाही, पुस्तिका वाटली नाही. कोड स्कॅन, आकडा, पिन, पेटीतून आवाज, काम संपलं. तीच मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला माझ्याकडं येते. बाजारातून दुकानात येईपर्यंत ती अडाणी होते, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?

आता एकेक तक्रार मांडतो. सगळ्या रोजच्या आहेत.

जन्मतारखेपासूनच सुरू करू. रकान्यावर बोट ठेवलं की छोटं कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्याचं. तारीख टाइप करायची सोय बंद करून ठेवलेली असते. अर्जदार काका १९५६ चे. डावीकडचा बाण एकदा दाबला की एक महिना मागं. हिशेब करून बघा, आठशेच्या वर वेळा बाण दाबावा लागेल. वरच्या वर्षाच्या आकड्यावर दाबलं की वर्षांची यादी उघडते, अशी एक युक्ती आहे. पण ती मला धंद्यामुळं कळली, पानावर तसं काही सुचत नाही. ब्रिटिश सरकारनं २०१२ साली खात्याखात्यांची संकेतस्थळं एका ठिकाणी आणायला सुरुवात केली. त्यांच्या फॉर्मवर जन्मतारखेला साधे तीन रकाने असतात : दिवस, महिना, वर्ष. टाइप करा, पुढं चला. यात तंत्रज्ञान काहीच नाही. जन्मतारीख माणसाला पाठ असते, ती शोधायला कॅलेंडर लागत नाही, एवढंच कुणीतरी बसून विचारात घेतलं.

मग नाव. इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या रकान्यात ते आपोआप देवनागरीत उमटतं. काळेंचे काले होतात, बाणेंचे बाने. खोडून नीट लिहावं तर स्पेस दाबताच पुन्हा काले. कुठंकुठं मराठीचा रकाना कुलूपबंदच. दाखल्यावर काले छापून येतं, शाळेच्या दाखल्यावर काळे असतं, आणि पुढच्या टेबलावर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करायला लागतं. म्हणजे एका चुकीच्या रकान्यातून नोटरी, मुद्रांक आणि आणखी एक चक्कर. बायकांच्या अर्जात 'पतीचे नाव' सक्तीचं. नवऱ्यानं टाकून दिलेल्या बाईनं तिथं काय लिहायचं? आम्ही टिंब देतो. काही पोर्टलं टिंब चालवून घेतात, काही 'विशेष चिन्हे स्वीकारली जात नाहीत' म्हणतात, आणि ती बाई माझ्याकडं बघत राहते, जणू हा प्रश्न मीच विचारलाय.

पत्त्याच्या रकान्याची गंमत बांधणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावी. मराठीत पत्ता लिहिताना तो निम्म्यातच अडतो. 'कमाल मर्यादा ओलांडली' असा निरोप येतो. मोजावं तर अक्षरं मर्यादेच्या खूपच आत असतात. कारण असं की यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत रोमन लिपीचं एक अक्षर एक बाइट (साठवणीचं माप) घेतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. काना, वेलांटी, पाय मोडणं, सगळं वेगळं धरून. 'सावित्रीबाई' या नावात अशी अकरा चिन्हं आहेत, म्हणजे तेहतीस बाइट. तेच रोमन लिपीत लिहिलं तर दहा. ज्यानं डेटाबेसमध्ये मर्यादा बाइटवर लावली त्यानं इंग्रजी नाव टाकून चाचणी घेतली आणि 'चालतंय' म्हणून सही केली. मराठी राज्याच्या पोर्टलवर मराठी पत्ता एकदाही टाकून बघितला गेला नाही, याचा इतका साधा पुरावा दुसरा नसेल. उकार आणि रफार रकान्याच्या काठाला कापले जातात, तेही याच जातीचं. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली जास्त जागा लागते, आणि रकान्याची उंची इंग्रजीवर बेतलेली असते. अर्जदाराला आपण 'कु' लिहिलंय की 'कू' हेच दिसत नाही.

फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, फाइल जेपीजीच हवी. आजचा साधा फोनसुद्धा दोन-तीन एमबीचा फोटो काढतो. तो लहान कसा करायचा हे लोकांना कुठून ठाऊक असणार? सर्व्हरवर फोटो घेऊन तिथंच लहान करणं हे प्रोग्रामरचं थोड्या ओळींचं काम आहे. ते त्यानं एकदा करायचं की राज्यातल्या प्रत्येक अर्जदारानं वेगवेगळं, हा निवाडा तुम्ही दुसऱ्या बाजूनं दिलाय. माझ्या फलकावर 'फोटोचे केबी कमी करून मिळतील' अशी वेगळी ओळ आहे आणि तिचे वेगळे पैसे आहेत. ही ओळ तुमच्या कृपेनं लिहिली गेली.

कोणकोणती कागदपत्रं लागतील हे पाचव्या पानावर कळतं. चार पानं भरून माणूस तिथं पोचतो आणि बघतो तर तीन वर्षांचं उत्पन्न मागितलंय, त्याच्याकडं एका वर्षाचा दाखला आहे. 'जतन करा आणि नंतर भरा' असं बटण नसतं, किंवा असलं तरी त्यानं जतन होतच नाही. पिशवी उलटी करून कागद शोधेपर्यंत 'आपले सत्र संपले आहे'. चारही पानं कोरी. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून जगभर जे निकष मानले जातात, त्यांत सर्वांत खालच्या पायरीवरचा नियम असा आहे की वेळ संपत आली तर आधी इशारा द्यावा आणि वेळ वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत. आमच्या वाट्याला इशारा येत नाही, थेट निकाल येतो.

ओटीपीचं तर विचारूच नका. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा चाकणला पाळीवर, फोन लॉकरमध्ये. आई इथं. जेवणाच्या सुट्टीत तो फोन उचलतो, आकडे सांगतो, तोवर ओटीपीची मुदत गेलेली. पुन्हा पाठवा दाबलं तर 'आपण मर्यादा ओलांडली, २४ तासांनी प्रयत्न करा'. सुरक्षा नको असं कुणीच म्हणत नाही. पण घरात एक फोन आणि तो कमावत्याच्या खिशात, हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचं चित्र आहे, आणि तुमच्या नकाशात ते घर नाही. वर कॅप्चा. त्यात शून्य आणि ओ, लहान एल आणि मोठा आय ओळखून दाखवायचे. मोतीबिंदू झालेल्या माणसानं काय करायचं ते कुठं लिहिलेलं नाही.

हे सगळं त्रासाचं आहे, पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. ती जरा नीट सांगतो.

माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. त्यात गिऱ्हाइकांची नावं, त्यांचे युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेले आहेत. तालुक्याच्या गावात माझ्यासारखं ज्याचं-ज्याचं दुकान आहे, त्याच्याकडं अशी वही असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती का ठेवावी लागते? पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, शिवाय दर काही दिवसांनी तो बदलायला हवा आणि जुना चालत नाही. साठीच्या शेतकऱ्यानं तो लक्षात ठेवायचा तर तो जाता जाता म्हणतो, 'दादा, तुमच्याकडंच असू द्या, पुढच्या साली लागंल.' पुढच्या साली खरंच लागतो. पासवर्ड विसरला तर तो पुन्हा मिळवायची वाट नोंदवलेल्या मोबाइलवरून जाते, आणि नोंदवलेला मोबाइल कित्येकदा दुकानदाराचाच असतो, कारण अर्ज भरताना अर्जदाराचा फोन बंद होता, रिचार्ज संपलं होतं, किंवा रेंज नव्हती. त्याच्याबरोबर आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, सातबारा, जातीचा दाखला. सगळं आमच्या संगणकावर 'डेस्कटॉप' नावाच्या उकिरड्यावर पडलेलं.

तुम्ही सर्व्हरला कुलपं लावता, तपासणी करवून घेता, प्रमाणपत्र भिंतीवर लावता. पोर्टल वापरायला इतकं कठीण केलं की मालक स्वतः आत जाऊच शकत नाही, तेव्हा किल्ली तो समोर दिसेल त्या दुकानदाराच्या हातात देतो. मी प्रामाणिक आहे असं मी म्हणेन. माझ्या शेजारचा असेल, त्याच्या पलीकडचा नसेल. २०२३ साली संसदेनं लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याच्या भाषेत माझ्या खणातली ही वही नेमकी काय आहे, हे मला कुणीतरी लेखी कळवावं. ती मी उद्या जाळू शकतो. पण नूतनीकरणाची तारीख आली की तेच लोक पुन्हा माझ्याच दारात उभे राहतील आणि मला नवी वही घालावी लागेल.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या तुम्हालाही ठाऊक असणार. चूक झाली की 'अवैध माहिती' एवढाच लाल शब्द येतो, चूक कोणत्या रकान्यात ते नाही. मराठी पान निवडलं तरी चूक सांगणारा निरोप इंग्रजीतच. पैसे खात्यातून गेले आणि अर्ज 'अपूर्ण' असला की पुन्हा भरावेत की थांबावं हे सांगणारा कुणी नाही. लोक घाबरून दोनदा भरतात. बँक खात्याच्या रकान्यात पेस्ट करायला बंदी, म्हणजे नेमका जिथं चुकीचा आकडा पडला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील, तिथंच हातानं टाइप करायची सक्ती. दिवसा सर्व्हर डाऊन असतो, रात्री अकरानंतर चालतो, म्हणून मुदतीच्या आठवड्यात आम्ही दुकानातच झोपतो. २०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले आणि सुरुवातीच्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडून वेळापत्रक बदलावं लागलं, ते वर्तमानपत्रांत आलंच होतं. किती मुलं एका दिवशी येणार हा आकडा शिक्षण खात्याला नसेल तर कुणाला असणार? आणि काही पोर्टलांच्या तळाशी अजून लिहिलेलं आहे की हे पान इंटरनेट एक्सप्लोररवर उत्तम दिसेल. मायक्रोसॉफ्टनं तो ब्राउझर जून २०२२ मध्ये बंद केला. उत्तम दिसण्यासाठी आता आम्ही कुठं जावं?

आमच्याकडं एक दृष्टिहीन शिक्षक येतात. एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून ते संगणक माझ्यापेक्षा वेगानं चालवतात. ते सॉफ्टवेअर पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतं. तुमच्या पानावर आलं की ते म्हणतं : 'बटण. बटण. बटण.' कशाचं बटण ते म्हणत नाही, कारण बटणाच्या जागी नुसतं चित्र आहे आणि चित्राला नाव दिलेलं नाही. शासन निर्णय डाउनलोड करावा तर तो कागद स्कॅन करून टाकलेला. पडद्यावर अक्षरं दिसतात, सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक फोटो असतो. गुरुजी मला म्हणाले, 'वाचायला येतं मला. तुमचं सरकार लिहीत नाही, चित्रं काढतं.'

डोळे शाबूत असलेल्यांचंही फार बरं चाललेलं नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक साध्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक असावा असा निकष आहे. सरकारी पानांवर हटकून दिसणाऱ्या फिकट केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं घातली तर तो दोनाच्या जेमतेम वर जातो. उन्हात, फुटक्या काचेच्या फोनवर ते वाचून दाखवा. सरकणाऱ्या पट्टीतल्या सूचना पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ सरकत असतील तर त्या थांबवायची सोय हवी, असाही नियम आहे. आमच्या इथं शेवटची तारीख नेमकी त्या पट्टीत असते आणि ती वाचायला लोक मान वळवून पळत्या अक्षरांमागं धावतात.

हे निकष मी घरी बसून रचलेले नाहीत. केंद्र सरकारनं सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि त्यात जागतिक निकषच धरलेले आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सेवा वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो खटला ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्यांचा होता. केवायसी करताना 'डोळ्यांची उघडझाप करा' अशी अट त्यांना घातली गेली होती. आपल्या राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे आणि सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा त्यानुसार नागरिकाचा हक्क आहे. पण अर्ज दाखल झाला तर मुदत सुरू होणार. जो अर्ज चौथ्या पानावरच मेला, त्याची मुदत कुठून मोजायची? तुमच्या अहवालात तो माणूस आलाच नव्हता.

माझ्या मते दुखणं इथंच आहे. पोर्टल बांधायची निविदा निघते तेव्हा सर्व्हर किती, पानं किती, सुरक्षा चाचणी कुठली, हे सगळं कागदावर असतं. अर्जदाराला ते भरता आलं पाहिजे, ही अट मात्र नसते. सादरीकरण होतं मंत्रालयात, मोठ्या पडद्यावर, वेगवान जोडणीवर. अर्ज भरून दाखवणारा स्वतः तो बांधणारा असतो आणि त्यानं टाकलेलं नाव इंग्रजीत, चार अक्षरी असतं. सगळे टाळ्या वाजवतात. बिल निघतं. वापरसुलभतेचा अभ्यास करणारे याकोब नीलसन यांनी २०००च्या सुमारास मांडलं होतं की मांडणीतल्या बहुतेक चुका उघड व्हायला अवघी पाच माणसं शेजारी बसवून त्यांना काम करू देणं पुरतं. पाच! एका जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या दिवशी, एका सकाळीत होणारं काम. त्याला ना समिती लागते, ना परदेश दौरा.

मागण्या साध्या आहेत.

वर सांगितलेल्या विभागानं कागदी अर्ज बंद करण्याचं परिपत्रक मागं घ्यावं. जोपर्यंत अर्जदार दुकानदाराविना तो अर्ज भरू शकत नाही, तोपर्यंत कागद चालू राहिला पाहिजे. ही पहिली मागणी आहे आणि बाकीच्या थांबल्या तरी ही थांबता कामा नये.

कुठलंही पोर्टल लोकांसाठी खुलं करण्याआधी ते बांधणाऱ्यांशी संबंध नसलेल्या पाच जणांकडून, तालुक्याच्या गावी, त्यांच्याच फोनवर भरून घ्यावं. त्यात एक साठीच्या पुढचा आणि एक दृष्टिहीन असावा. शेजारी बसणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. काय काय अडलं त्याची टिपणं त्याच पोर्टलवर जाहीर करावीत. ठेकेदाराच्या बिलाचा एक हिस्सा या चाचणीवर अडवून ठेवावा. मग बघा रकान्याची उंची किती लवकर वाढते ते.

अर्ज अर्धवट जतन झाला पाहिजे, तोही अर्जदारानं बटण न दाबता. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी पहिल्या पानावर, लॉगिनच्या आधी. तारीख टाइप करता आली पाहिजे. मराठी नाव आणि पत्ता अर्जदाराला हातानं दुरुस्त करता आला पाहिजे आणि मर्यादा अक्षरांवर असली पाहिजे. फोटो कितीही मोठा असो, पोर्टलनं घ्यावा आणि लहान करून ठेवावा. चूक झाल्याचा निरोप त्याच रकान्याखाली, मराठीत, काय करायचं ते सांगणारा. एसेमेससुद्धा मराठीत पाठवा. देवनागरीत एका एसेमेसमध्ये ७० चिन्हं बसतात आणि रोमनमध्ये १६०, म्हणून खर्च वाढतो हे मला ठाऊक आहे. निरोप आखूड लिहा.

ज्याच्याकडं स्वतःचा फोन नाही त्याच्यासाठी ओटीपीखेरीज दुसरी वाट ठेवा. ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये ओळख पटवून अर्ज पुढं जाऊ शकतो. पासवर्ड दर काही दिवसांनी बदलायची सक्ती काढून टाका. त्यानं सुरक्षा वाढली नाही, माझी वही तेवढी जाड झाली.

दर महिन्याला एक आकडा जाहीर करा : किती जणांनी अर्ज सुरू केला आणि किती जणांचा पूर्ण झाला. पानानुसार. कुठल्या पानावर लोक गळतात हे सर्व्हरला आधीच कळतं, फक्त ते तुम्ही कुणाला दाखवत नाही. भेट देणाऱ्यांची संख्या पानाच्या तळाशी मिरवणारा काउंटर काढून त्या जागी हा आकडा लावता येईल.

कुणी म्हणेल, दुकानदार आहे, उद्या पोर्टल सोपं झालं तर याचं काय? झेरॉक्स आहे, लॅमिनेशन आहे, लग्नपत्रिका आहेत. माझी काळजी करू नका.

बाजाराच्या दिवशी तुमच्यापैकी कुणीही दुकानात या. ओळखपत्र, गाडीवरची पाटी, पत्रकार, काही नको. माझ्या शेजारच्या खुर्चीवर दुपारपर्यंत बसा आणि एकाही गिऱ्हाइकाला मदत न करता नुसतं बघा. चहा माझ्याकडून.

या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. उत्तर मजकूर म्हणून पाठवा, सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून नको. गुरुजींनाही ते वाचायचं आहे.

आपला,
एस.टी. स्टँडसमोरचा फॉर्मवाला